साहेबांची अर्धी दाढी

कात्रीमामांच्या दुकानात बँकेचा मॅनेजर येवो की फौजदार येवो, त्याला मान खाली घालावीच लागे. मामांना याची मोठी गंमत वाटायची. "राजाची मुंडीसुद्धा आमच्यापुढं वाकते," असं ते गिऱ्हाइकाच्या कानामागचे केस कापता कापता म्हणत, आणि कानामागं कात्री चालू असताना कोण शहाणा वाद घालणार? मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. केस कापताना पोरानं रडू नये म्हणून एका आईनं कधीतरी "मामा आहे रे तो, मामा" असं म्हटलं आणि ते नाव सगळ्या वस्तीनं उचललं. त्यांची बायको मग आपोआप मामी झाली.

दुकान एका खुर्चीचं, चर्चच्या पायऱ्यांना लागून. समोरच्या आरशाचा खालचा कोपरा पारा उडून काळवंडलेला, त्यामुळे बुटक्या माणसाला आपली हनुवटी कधी दिसायचीच नाही. खुंटीला चामड्याचा पट्टा, वाटीत तुरटीचा खडा, आणि मागच्या दाराला पडदा. पडद्यापलीकडे दोन खोल्यांचं घर. तिथं मामी दुकानाचे टॉवेल उकळायच्या, पिळायच्या आणि चर्चच्या पायऱ्यांच्या लोखंडी कठड्यावर वाळत घालायच्या. रविवारी सकाळी उपासनेला येणारी मंडळी त्या टॉवेलांना अंग चुकवत वर चढायची. कुणी तक्रार केली नाही, कारण मामी बोलायला लागल्या की समोरच्याची बिनपाण्यानं व्हायची.

ज्याच्यापुढं खुद्द मामांची मान वाकायची असा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे त्या चर्चचे पाळकसाहेब. शनिवारी सकाळी दुकान उघडण्याआधी ते यायचे. त्यांच्यासाठी मामा कोपरापर्यंत हात धुवायचे, घडीतला टॉवेल काढायचे. दाढीला बसलेला माणूस हा देवाचा माणूस आहे, असं मनात आणून वस्तरा लावायचे. केस कापून झाले की साहेबांचे केस वेगळे झाडायचे आणि बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात ठेवून द्यायचे. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाकीच्या केरात ते टाकवत नसत, एवढंच.

याला कारण होतं, आणि ते लहानसहान नव्हतं.

एके काळी मामा पीत. थोडीथोडकी नाही, सकाळी डोळे उघडल्यापासून. न्हाव्याचा हात थरथरायला लागला की त्याचं दुकान मोडलंच. मामांनी एका शाळामास्तरांच्या कानाचं टोक कापलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक लांबच्या दुकानात जाऊ लागले. मामी चार घरची भांडी घासायला लागल्या. अशात एका सकाळी वस्तीत नवे आलेले पाळकसाहेब दुकानात शिरले आणि खुर्चीत बसून "दाढी" म्हणाले. मामांनी फेस लावला, वस्तरा उघडला. उकळत्या पातेल्यावरचं झाकण थडथडतं तसा त्यांचा हात थडथडत होता. साहेबांनी आरशात एकदा त्या हाताकडं पाहिलं. मग त्यांनी मान मागं टाकली, डोळे मिटले आणि गळा पुढं केला.

वस्तरा गळ्याला टेकला आणि हात थांबला.

मामा हे सांगताना अजून अडखळतात. हात थांबला म्हणजे जोर लावून थांबवला असं नाही. कुणी तरी मागून येऊन, झोपेत चाळवलेल्या लेकराचा हात धरावा तसा तो धरला. सगळी दाढी झाली, कुठं ओरखडासुद्धा नाही. साहेब पैसे ठेवून निघून गेले. मामा स्वतःच्याच खुर्चीत बसून हमसून हमसून रडले आणि बाटली गटारात ओतून आले. पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

तेव्हापासून चर्चमध्ये साक्ष द्यायचा, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचा, रविवार आला की मामा उभे राहत. "ज्या हातावर माझ्या बायकोचा विश्वास उरला नव्हता," ते व्यासपीठाकडं बोट करून म्हणत, "त्या हातात ह्या माणसानं आपला गळा दिला!" बायका डोळे पुसायच्या. साहेब वर खुर्चीत मान खाली घालून बसायचे आणि लोक म्हणायचे, बघा, किती नम्र.

पुढं मग सगळ्या मंडळीनं साहेबांना देव्हाऱ्यात बसवलं. पोराला कुठल्या शाळेत घालू, घर विकू की ठेवू, मुलीला आलेलं स्थळ बरं की वाईट, विचारा साहेबांना. माणसाचं असंच आहे. देव दिसत नाही, साहेब दिसतात. देव दारावर चहाला येत नाही, साहेब येतात. शिवाय साहेबांनी हो म्हटलं की आपल्याला वेगळं गुडघे टेकून बसायला नको. या आळसाला आपण भक्ती म्हणतो.

अशातच मामींच्या काखेजवळ एक गाठ आली.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. डब्यातले चिमूटभर केस घेतले, चिंधीची इवलीशी पुरचुंडी शिवली आणि गाठीच्या बाजूला झंपरच्या आत टाचणीनं लावली. मग उपासनेनंतर साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, "सगळं ठीक होईल." मामींना एकदम हलकं वाटलं. पुढच्या रविवारी त्यांनी भर मंडळीत उभं राहून सांगितलं की गाठ विरघळत चाललीय. टाळ्या झाल्या. मामांना तर बायकोला गाठ आहे हेही तेव्हाच कळलं आणि ती विरघळतेय हेही तेव्हाच. त्यांनी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

गाठ विरघळत नव्हती. टॉवेलांचं पातेलं उतरवताना एक दिवस मामींचा हात अर्ध्यातच गळाला आणि गरम पाणी जमिनीवर सांडलं. मामांनी हट्टानं बघितलं. गाठ चांगली लिंबाएवढी होती आणि दगडासारखी घट्ट. ते त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, पण बोलल्या स्पष्ट. गाठ काढायलाच हवी, येत्या सोमवारी या, आणखी थांबलात तर ती अंगभर पसरेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही.

"मी नाही येणार," मामी म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलंय, ठीक होईल. आता कापून घेतलं तर त्यांच्या प्रार्थनेवर थुंकल्यासारखं होईल."

घरी येऊन मामा रागावले, रडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मामी ढिम्म. "ज्या माणसानं तुमच्या वस्तऱ्याखाली मान दिली," त्या म्हणाल्या, "त्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवू नको, असं तुम्ही सांगता? तुम्ही?" वर्षानुवर्षं मामांनीच तर तिला हे शिकवलं होतं.

त्यांना एकच वाट दिसत होती. साहेबांनी एक शब्द टाकला की झालं.

शनिवारी साहेब आले, बसले. मामांनी केस कापले, फेस लावला, उजवा गाल साफ केला आणि मग विषय काढला. "साहेब, तेवढं तिला सांगा. तुमचा शब्द ती खाली पडू देणार नाही."

साहेबांनी गळ्यावरचा टॉवेल सारखा केला.

"मला नाही सांगता येणार, मामा."

"का?"

"ती मंडळीत उभी राहून म्हणाली, गाठ विरघळतेय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता मीच सांगायचं की ऑपरेशन कर? लोक काय म्हणतील? काही जणांचा विश्वासच उडेल."

"लोक?" मामांना खरंच कळेना. "साहेब, ती मरेल हो. तुम्ही ह्या वस्तऱ्याखाली गळा दिलात, तेव्हा नाही विचारलंत लोक काय म्हणतील!"

साहेबांनी आरशातून मामांकडं पाहिलं. अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता आणि उरलेला अर्धा त्या फेसाहून पांढरा पडला होता.

"त्या दिवशी मला माहीतच नव्हतं, मामा."

"काय माहीत नव्हतं?"

"तुम्ही पिता ते. मी वस्तीत नवा होतो. तिकडचं दुकान बंद होतं, तुमचं उघडं दिसलं, शिरलो. टॉवेल गळ्याभोवती बांधून झाल्यावर वास आला, आणि मग हात दिसला. उठून पळावं वाटलं, पण पायच उचलेनात. मी डोळे मिटले ते विश्वासानं नाही, घाबरून. मनात एकच चाललं होतं, देवा, एवढी मान वाचव, पुन्हा ह्या दुकानाची पायरी चढणार नाही."

मामांचा वस्तरा हवेतच राहिला. "मग पुन्हा आलात कशाला?"

"तोवर तुम्ही चर्चमध्ये सांगून मोकळे झाला होतात. इतकं चांगलं मला कुणीच कधी म्हटलं नव्हतं, हो. म्हटलं, पुढच्या वेळी खरं सांगू. पुढच्या वेळी वाटलं, कशाला, लोकांचा विश्वास वाढतोय." साहेबांचा आवाज बारीक झाला. "तो बिस्किटांचा डबा मला आरशात दिसतो, मामा. पहिल्यांदा किळस आली. मग सवय झाली. एकदा तुम्ही घाईत माझे केस सगळ्यांच्या केरात लोटलेत, तर मला राग आला. घरी जाईपर्यंत राग गेला नाही. असा माणूस आहे मी."

आणि मामांचा हात थरथरू लागला. बाटली सोडल्यापासून पहिल्यांदाच. ज्या खुंटीवर त्यांनी सगळं आयुष्य टांगलं होतं ती खुंटी भिंतीत नव्हतीच. कुणी केसानं गळा कापावा तसं त्यांना झालं. साहेबांना आरशात तो हात दिसला. त्यांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले आणि ते अर्धे उठले. मग आपण उठलोय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"हे बघा," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "अजून तसाच आहे मी."

मामांनी वस्तरा मिटून ठेवला. "चला."

"कुठं?"

"ती बाहेर टॉवेल घालतेय. हे सगळं तिला सांगा."

"असा? अर्ध्या दाढीनं?"

"असेच."

साहेब दारापर्यंत आले आणि थबकले. रस्त्यावर वर्दळ सुरू झाली होती. बँकेचे मॅनेजर आपला नंबर लागायची वाट बघत पायऱ्यांवर पेपर वाचत बसले होते, दूधवाला कॅन उतरवत होता, चर्चची झाडलोट करणारी म्हातारी खराटा मारत होती. साहेबांनी टॉवेलनं तोंड पुसायला हात वर नेला. मग तो खाली घेतला, आणि गळ्यात टॉवेल, एका गालावर फेस, अशा अवतारात ते चालत गेले. मान्य करायला हवं, त्या माणसानं आयुष्यात केलेलं धाडस ते हेच, आणि ते जेमतेम आठ-दहा पावलांचं होतं.

मामी कठड्यापाशी होत्या. साहेब त्यांच्याखालच्या पायरीवर बसले. मामींना इतका धक्का बसला की ओला टॉवेल खांद्यावर टाकून त्या तशाच उभ्या राहिल्या. साहेबांनी काही गाळलं नाही. भीती सांगितली, डबा सांगितला, टाळ्या आवडल्या तेही सांगितलं. "बाई, मी तुमच्यासाठी प्रार्थना केली ती खरी. पण गाठ गेली असं देवानं मला काही सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात आणि मी गप्प बसलो. तुम्ही सोमवारी दवाखान्यात जा. माझ्या जिवावर मरू नका."

मॅनेजरांचा पेपर केव्हाच खाली आला होता. मामा दुकानाच्या दारात उभे होते. आता ही बाई रडणार, नाहीतर साहेबांचा उद्धार करणार, अशी त्यांची खात्री होती. मामी दोन्ही न करता कसला तरी विचार करत होत्या.

"म्हणजे तुम्हाला भीती वाटत होती," त्या म्हणाल्या.

"फार."

"आणि ह्यांचा हात थरथरत होता."

"फार."

"वस्तरा गळ्यावर."

"हो."

"मग ह्यांचा हात धरला कोणी?"

म्हातारीचा खराटा थांबला. साहेबांनी मामींकडं पाहिलं, मग मामांकडं. व्यासपीठावरून इतकी वर्षं बोललेला माणूस, पण हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

मामांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. इतकी वर्षं ते समजत होते की साहेबांचा विश्वास इतका मोठा, म्हणून हात थांबला. साहेबांजवळ विश्वास नव्हता. आपल्याजवळ शुद्धही धड नव्हती. खोलीत एक भेदरलेला आणि एक झिंगलेला, दोघंच. तरी हात थांबला होता. तो स्पर्श त्यांना आठवला, मनगटाच्या मागून आलेला, ऊबदार, घाई नसलेला. ज्या हातांना खिळ्यांचे घाव आहेत, ते हात त्या दिवशी दारूच्या वासानं भरलेल्या त्या दुकानात आले होते. प्रभू येशू स्वतः आला होता, आणि मामांनी त्याला साधं बस म्हटलं नव्हतं, कारण खुर्चीत साहेब बसले होते. पुढंही तो दर शनिवारी तिथंच उभा असणार, आणि हे आपले साहेबांचे केस गोळा करत होते! मामा दाराच्या उंबऱ्यावरच बसले. एवढी मोठी गोष्ट आपल्या एवढ्याशा दुकानात घडली होती. लाज वाटत होती, पण लाजेहून कितीतरी मोठं असं काहीतरी छातीत मावत नव्हतं.

मामींनी पाठ वळवली, टाचणी काढली आणि ती पुरचुंडी मामांच्या हातावर ठेवली.

"केरात टाका. डब्यातलेही टाका. आणि सोमवारी किती वाजता बोलावलंय त्या बाईंनी?"

"येशील?" मामांचा विश्वास बसेना.

"दारुड्या न्हाव्याचा हात धरतो, त्याला डॉक्टरचा हात धरणं काय जड आहे?" मामी म्हणाल्या. मग त्यांनी साहेबांकडं एकवार निरखून पाहिलं. "आधी ह्यांची उरलेली दाढी करा हो. पाळक आहेत, अर्धे बरे दिसत नाहीत."

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. मामांनी नवा फेस केला, पट्ट्यावर वस्तरा लावला. हात थरथरतच होता.

"भीती वाटतेय, मामा," साहेब म्हणाले.

"मलाही."

दोघंही हसले, आणि मग हसू थांबल्यावर तसेच राहिले, एकजण बसून, एकजण उभा, डोळे मिटून. प्रार्थना काय केली ते दोघांनाही आठवत नाही. थोड्या वेळानं मामांनी डावा गाल साफ केला. हनुवटीपाशी एक बारीक काप गेला, रक्ताचा ठिपका आला. मामांनी तुरटी लावली, साहेबांनी स्स्स केलं आणि दाढी संपली. मग मामांनी तो डबा जमिनीवर पालथा केला आणि मॅनेजरांचे केस कापून झाल्यावर दोघांचा केर एकाच झाडूनं लोटला. कुणाचे कुठले, काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हनुवटीवरचा काप घेऊनच मंडळीला सगळं सांगितलं. सगळ्यांना ते रुचलं असं नाही. दोन-तीन घरं दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागली, आणि एका बाईनं मामांना रस्त्यात अडवून विचारलं, आमचा साहेब आमच्याकडून हिरावलात, काय मिळालं तुम्हाला? मामांना त्या बाईचा राग आला नाही, कीवच आली, कारण परवापर्यंत ते स्वतः तेच होते.

सोमवारी मामींना स्ट्रेचरवर घेतलं. मामा शेजारी, साहेब थोडे मागं, हातात मामींच्या चपला घेऊन. दाराशी डॉक्टरबाई आल्या तशी मामींनी त्यांना खुणेनं जवळ बोलावलं.

"बाई, तुमचा हात थरथरतो का हो?"

डॉक्टरबाई गोंधळल्या. असं कुणी विचारत नाही. त्यांनी मामांकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खरं ते सांगून टाकलं.

"आत जायच्या आधी थोडा थरथरतो."

मामींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी डोळे मिटले, मान मागं टाकली आणि म्हणाल्या, "मग काही काळजी नाही. चला."